विद्युतभाराऐवजी चुंबकीय लहरींनी गणन: उष्णता नेमकी कोठे वाचते?

(चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

होकायंत्र

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. विद्युतप्रवाहाचा औष्णिक परिणाम हा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, इलेक्ट्रॉन जागचा न हलवता केवळ त्याच्या स्पिनच्या (त्याला लहानसा चुंबक बनवणाऱ्या अंगभूत गुणाच्या) लहरी पुढे पाठवून गणन करणारी यंत्रे तयार होत आहेत असे तिने वाचले आहे. तर मग तारेतून वाहणारे काही नसताना माहिती पुढे जाते ती कशाच्या पाठीवर बसून? प्रश्न चांगला होता आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील बारा लहान होकायंत्रे एका सरळ रेषेत, मध्ये सुमारे ३ सेंटीमीटर अंतर ठेवून मांडली. पहिल्या सुईजवळ पट्टीचुंबक नेऊन झटकन बाजूला घेतला, तेव्हा पहिली सुई डोलली, तिच्यामुळे दुसरी आणि दुसरीमुळे तिसरी. चौथी जेमतेम थरथरली आणि पाचवीला काही कळलेच नाही. सुया आपापल्या खिळीवरच राहिल्या, पण हालचाल पुढे गेली, इतके मुलांना दिसले आणि त्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. पदार्थातील लहर माझ्या सुयांप्रमाणे चार पावलांत का विरत नाही? लहर गेली म्हणजे शून्य आणि एक कशाला म्हणायचे, लहर असण्या-नसण्याला की आणखी कशाला? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘प्रवाह नाही म्हणून उष्णता नाही’ हे जे वाक्य या विषयावरील लेखांत पुन्हा पुन्हा वाचायला मिळते, ते मी वर्गात तसेच सांगावे काय? मला ते जरा फारच स्वस्तात मिळालेले वाटते.

गार्नेट

आपण सुयांचा प्रयोग केलात हे उत्तम झाले, कारण तो चौथ्या सुईपाशी का थांबला याचा विचार केला की पहिल्या शंकेचे निम्मे उत्तर हाती येते. मी परदेशातील एका प्रयोगशाळेत याच विषयावर काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपली सुई आणि पदार्थातील इलेक्ट्रॉनचा स्पिन यांत एक मूलभूत फरक आहे. सुई ढकलली की ती उत्तर दिशेच्या अल्याड-पल्याड डोलते, कारण तिला स्वतःचा म्हणावा असा कोनीय संवेग नसतो. स्पिनला तो असतो, त्यामुळे त्याचे वागणे सुईसारखे नसून फिरत्या भोवऱ्यासारखे असते. त्याला एका बाजूला ढकलले की तो परत मागे न येता आपल्या आसाची एक शंकूसारखी फेरी मारू लागतो. यालाच परांचन म्हणतात. बाह्य चुंबकीय क्षेत्र १ टेस्ला असेल तर इलेक्ट्रॉनचा एकटा स्पिन सेकंदाला सुमारे २८ अब्ज फेऱ्या मारतो, म्हणजे वारंवारता २८ गिगाहर्ट्झ होते. आता असे कोट्यवधी भोवरे एकमेकांना बांधलेले आहेत आणि प्रत्येक भोवरा शेजाऱ्यापेक्षा किंचित मागे राहून तीच फेरी मारतो आहे, अशी कल्पना करा. हे जे ‘किंचित मागे राहणे’ ओळीने पुढे सरकत जाते, तीच स्पिनलहर. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० साली ती कल्पना मांडली ती गणनयंत्रासाठी नव्हे. तापमान वाढू लागले की लोहचुंबकाचे चुंबकत्व ज्या रीतीने उतरू लागते त्याचे कारण त्यांना हवे होते. या लहरीचा जो सर्वांत लहान सुटा हिस्सा त्याला मॅग्नॉन असे नाव आहे.

आता विरण्याविषयी. आपल्या सुईला खिळीचे घर्षण आहे, म्हणून ती तीन-चार हेलकाव्यांत थांबत असेल. पदार्थात या घर्षणाला अवमंदन म्हणतात आणि ते पदार्थागणिक फार बदलते. निकेल-लोहाच्या पर्मॅलॉय या मिश्रधातूत ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ४ नॅनोसेकंदांत विरते. त्याच वारंवारतेची लहर यट्रियम आयर्न गार्नेट या स्फटिकाच्या पातळ थरात, ज्याला आम्ही सगळे नुसते ‘यिग’ म्हणतो, सुमारे ३०० नॅनोसेकंद टिकते. म्हणजे तुमची सुई चार हेलकाव्यांत थांबते तिथे यिगमधील भोवरा दीड हजार फेऱ्या मारून घेतो. याचे एक कारण असे की यिग विद्युतरोधक आहे, त्यामुळे लहरीची ऊर्जा खाणारे मोकळे इलेक्ट्रॉनच त्यात नाहीत; दुसरे असे की त्यातील लोहाच्या आयनांची इलेक्ट्रॉनरचना अर्धी भरलेली आणि सममित असते, त्यामुळे स्पिनची हालचाल स्फटिकाच्या जाळीपर्यंत सहज झिरपत नाही. १९५६ साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे हा पदार्थ प्रथम तयार झाला आणि इतक्या वर्षांत याच्या तोडीचा दुसरा सापडलेला नाही.

शून्य आणि एक यांबद्दल: लहर असणे म्हणजे एक आणि नसणे म्हणजे शून्य, असेही करता येते, २००५ मध्ये झालेले पहिले प्रयोग त्याच वळणाचे होते. पण अधिक सुंदर मार्ग लहरीच्या कलेचा, म्हणजे ती चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा, आहे. संदर्भलहरीच्या जोडीने चढणारी लहर म्हणजे ०, आणि ती चढत असताना उतरणारी, म्हणजे १८० अंशांनी मागे असलेली लहर म्हणजे १. आता तीन वाटा एका वाटेला मिळवा. तिन्हींतून लहरी सोडल्या की व्यतिकरण होऊन पुढे जाणारी लहर बहुमताची कला घेऊन निघते, कारण विरुद्ध कलेच्या दोघी एकमेकींना पुसतात आणि उरते ती बहुमताची. द्वार म्हणजे आलेल्या ० आणि १ वरून एक उत्तर काढणारा गणनाचा मूळ घटक. या बहुमत-द्वाराची एक वाट कायमची ० वर ठेवली तर उरलेल्या दोन वाटांचे ‘आणि’ द्वार होते, १ वर ठेवली तर ‘किंवा’ द्वार होते. बेरजेतील हातचा म्हणजे तरी दुसरे काय, तीन अंकांचे बहुमतच. सिलिकॉनमध्ये हे एक द्वार बांधायला दहा-बारा ट्रान्झिस्टर खर्ची पडतात. येथे तीन वाटांचा एक तिठा पुरतो. असे द्वार यिगच्या पट्ट्यांवर जर्मनीतील कायझर्सलाउटर्न येथील गटाने २०१७ मध्ये प्रत्यक्ष चालवून दाखवले.

आता उष्णता. आपली शंका रास्त आहे. ते वाक्य वर्गात तसेच सांगू नका. लहर यिगमधून जात असताना तारेत होते तशी रोधामुळे उष्णता होत नाही हे खरे, परंतु अवमंदनात जी ऊर्जा जाते ती शेवटी स्फटिकाला तापवतेच. ती फार थोडी असते, एवढेच. खरा खर्च दारात, म्हणजे विजेतून लहर उठवण्याच्या जागी होतो. लहर उठवायची कशी, तर यिगवर सोन्याची बारीक तार घालून तिच्यातून उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडावा लागतो, म्हणजे दार ओलांडण्यापूर्वी आपण पुन्हा विद्युतभारच हलवतो आहोत. साधा हिशेब करून पाहा. ५०० नॅनोमीटर रुंद, ५० नॅनोमीटर जाड आणि १० मायक्रोमीटर लांब अशा सोन्याच्या तारेचा रोध किमान ९ ओहम येतो. तिच्यातून १ मिलिअँपिअर प्रवाह २० नॅनोसेकंद वाहिला की ०.१८ पिकोज्यूल उष्णता तारेतच होते. याउलट ५ गिगाहर्ट्झच्या एका मॅग्नॉनची ऊर्जा इतकी लहान आहे की तीन लाख मॅग्नॉन मिळून १ ॲटोज्यूल होतो, आणि पिकोज्यूल हा ॲटोज्यूलच्या दहा लाख पट असतो. लहरीच्या आत काही ॲटोज्यूलमध्ये काम भागवायचे आणि तिला जन्माला घालायला एक लाख ऐंशी हजार ॲटोज्यूल जाळायचे, अशी आजची स्थिती आहे.

मॅग्नॉन इतका हलका असेल तर एकेका मॅग्नॉनवर काम का भागवत नाही, असे विद्यार्थी विचारतील. खोलीच्या तापमानाला त्याच वारंवारतेच्या प्रत्येक कंपनप्रकारात सरासरी बाराशेहून अधिक मॅग्नॉन केवळ उष्णतेमुळे आधीच नाचत असतात. त्या गोंगाटात एकट्याचा आवाज कोणाला ऐकू येणार?

होकायंत्र

मनःपूर्वक आभार. घर्षण आणि अवमंदन यांची जोडी वर्गात नीट लागेल. आपण सांगितलेला सोन्याच्या तारेचा हिशेब मी फळ्यावर करून दाखवणार आहे, कारण त्याला बारावीच्या पलीकडचे काहीच लागत नाही. एक उपशंका: प्रयोगात आपल्याला प्रत्यक्ष काय दिसते? म्हणजे लहर आली हे कळते कसे?

गार्नेट

बहुतेक वेळा दिसते ते विश्लेषकाच्या पडद्यावरील एक वेडीवाकडी रेघ. सुरुवातीला मी शिकलो ती मांडणी सांगतो. यिगचा सुमारे ५ मायक्रोमीटर जाड थर दुसऱ्या एका पारदर्शक गार्नेटवर वाढवलेला असतो, आणि तो तुकडा हातात धरला तर फिकट पिवळसर-हिरव्या काचेच्या चिपेसारखा दिसतो. त्याच्याखाली एकमेकींपासून ८ मिलिमीटर अंतरावर दोन तारा, एक पाठवणारी आणि एक घेणारी, आणि सगळे विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये. पहिल्या तारेत सूक्ष्मलहरींचा (मायक्रोवेव्हचा) एक छोटा स्पंद सोडला की दुसऱ्या तारेवर दोन गोष्टी येतात. पहिली लगोलग येते; ती हवेतून थेट गळलेली विद्युतचुंबकीय लहर, आणि ती आपल्या काही कामाची नसते. दुसरी सुमारे २०० नॅनोसेकंदांनी, रेंगाळत येते. चुंबकाचा प्रवाह किंचित कमी-जास्त केला की ही दुसरी आकृती पडद्यावर पुढे-मागे सरकते आणि पहिली जागची हलत नाही. सरकते तीच स्पिनलहर, अशी ओळख आम्हाला शिकवली होती. आत शिरलेल्या शक्तीचा हजारावा भाग जरी पलीकडे मिळाला तरी त्या दिवशी आम्ही खुशीत असायचो, यावरून दाराच्या खर्चाची कल्पना यावी.

फेराइट

चर्चा वाचून हात शिवशिवले. मी रडारचे सूक्ष्मलहरी भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झालो आहे आणि यिगशी माझा संबंध गणनयंत्रांच्या गप्पांच्या फार आधीचा आहे. तरुण संशोधकांना नाउमेद करण्याचा हेतू नाही, पण दोन जुन्या गोष्टी नोंदवून ठेवाव्यात असे वाटते.

पहिली अशी की स्पिनलहरींवर चालणारी उपकरणे भविष्यातली नाहीत; ती गेली कित्येक दशके कामावर आहेत. वर्णपट मोजणाऱ्या चांगल्या उपकरणात यिगचा एक गोळा बसवलेला असतो, मोहरीच्या दाण्याहून लहान, अर्धा मिलिमीटरही व्यास नसलेला. तो एका चिनी मातीसारख्या बारीक दांड्याच्या टोकाला चिकटवून, तापमान बदलले तरी त्याची अनुनाद वारंवारता सरकू नये अशा एका ठरावीक कोनात येईपर्यंत हळूहळू फिरवत बसावे लागे. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून हे काम करणारी माणसे आमच्याकडे मोजकी होती आणि त्यांची रजा मंजूर करताना साहेबांना घाम फुटायचा. चुंबकीय क्षेत्र वाढवले की गोळ्याची वारंवारता वाढते, त्यामुळे एकच गोळा अनेक गिगाहर्ट्झचा पट्टा निवडून देतो. म्हणजे या लहरींनी आजवर नाव कमावले आहे ते गाळणी म्हणून आणि विलंबरेषा (संकेत थोडा उशिरा पोचवणारी वाट) म्हणून, गणक म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. कलेत माहिती ठेवायची, ० आणि १८० अंश, आणि तीन संकेतांचे बहुमत घ्यायचे, ही कल्पना नवी नाही. जपानमध्ये एइइची गोतो यांनी १९५४ साली टोकियो विद्यापीठात विद्यार्थी असतानाच पॅरामेट्रॉन नावाचा घटक शोधला. फेराइट या चुंबकीय पदार्थाची दोन छोटी कडी, त्यांवर गुंडाळलेली तार आणि एक धारित्र, एवढाच त्याचा संसार. त्याला अमुक वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेने हलवत राहिले की तो मूळ वारंवारतेने आपोआप दोलन करू लागतो, परंतु दोनच कलांपैकी एकीत: ० किंवा १८०. कोणत्या कलेत बसायचे हे सुरुवातीच्या क्षणी आलेल्या क्षीण संकेतांच्या बहुमतावर ठरते. निर्वात नळ्या महाग आणि वारंवार जळणाऱ्या, ट्रान्झिस्टर अजून बाल्यावस्थेत. अशा काळात जपानने या स्वस्त कड्यांतून संपूर्ण गणनयंत्रे उभी केली. मुसाशिनो-१ हे १९५७ मध्ये आणि टोकियो विद्यापीठाचे पीसी-१ हे १९५८ मध्ये चालू झाले. अशा यंत्रांत हे घटक हजारोंनी असत आणि ते सहसा बिघडत नसत. तरीही ती जात संपली, कारण ट्रान्झिस्टर अधिक वेगवान झाला आणि वीजही कमी खाऊ लागला. विश्वासार्हता, साधेपणा, बहुमताचे सौंदर्य, यांपैकी काहीच कामी आले नाही.

आपल्याकडेही चुंबकीय कड्यांशी नाते आहे, ते स्मृतीच्या बाजूने. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारलेले आणि १९६० मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झालेले टिफ्रॅक हे गणनयंत्र निर्वात नळ्यांवर गणित करी, पण आकडे लक्षात ठेवी ते फेराइटच्या कड्यांत. स्मृती चुंबकात आणि गणित इलेक्ट्रॉनांत ही वाटणी पुढे हार्ड डिस्कच्या काळातही तशीच राहिली. ही वाटणी मोडण्याची भाषा मी तीन-चार वेळा ऐकली आहे, म्हणून थोडा सावध असतो.

सिलिकॉन

मी पुण्यात चिपरचनेचे काम करतो. फेराइट यांच्या सावधपणाला माझ्या बाजूने काही आकडे जोडतो, कारण ‘लहरी वेगवान असतात’ असा एक गोड गैरसमज आमच्या कार्यालयातही ऐकू येतो.

यिगच्या अतिपातळ, नॅनोमीटरमध्ये मोजायच्या पट्टीतून स्पिनलहरीचा ऊर्जा वाहून नेण्याचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरू. ऐकायला मोठा वाटतो. प्रत्यक्षात तो हवेतील ध्वनीच्या दीडपट आहे इतकेच. १० मायक्रोमीटर जायला २० नॅनोसेकंद लागतील. ४ गिगाहर्ट्झच्या प्रक्रियकाचे तेवढ्यात ८० ठोके पडून जातात. आजच्या चिपमध्ये खरी ऊर्जा जाते ती द्वारांत नव्हे, आकडे इकडून तिकडे नेण्यात: १ मिलिमीटर तारेची धारिता ०.२ पिकोफॅरडच्या आसपास असते आणि ती ०.७ व्होल्टपर्यंत भरून रिकामी करण्यात सुमारे ०.१ पिकोज्यूल जातो. साहजिकच आम्हाला वाटते की ही तार काढून तिच्या जागी लहरींची वाट घालावी. पण ५०० मीटर वेगाने १ मिलिमीटर जायला २ मायक्रोसेकंद लागतात आणि गार्नेट यांच्याच आकड्याप्रमाणे लहरीचे आयुष्य त्याच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतके आहे. निरोप घेऊन निघालेला वाटेतच संपला, असा हा प्रकार. म्हणजे जिथे आम्हाला सर्वांत जास्त गरज आहे तिथेच ही वाट चालत नाही.

याखेरीज स्थिर चुंबकीय क्षेत्र लागते त्याचे काय? चिपच्या डोक्यावर चुंबक ठेवायचा का? आणि एका द्वाराचे उत्तर पुढच्या दोन-तीन द्वारांना वाटून द्यायचे असते; प्रत्येक फाट्यावर लहर निम्मी होत गेली तर तिला पुन्हा उभारी कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मी याला ट्रान्झिस्टरचा वारस म्हणणार नाही.

गार्नेट

सिलिकॉन यांचे आकडे बरोबर आहेत आणि त्यांच्याशी भांडण्यासारखे काही नाही. मीही याला वारस म्हणत नाही. मात्र तुलना एकेका द्वाराची करू नये, असे मला वाटते, कारण सुटे द्वार घेऊन प्रत्येक वेळी विजेतून लहरीत आणि लहरीतून विजेत जायचे ठरवले तर दाराचा खर्चच बुडवणार. एकदा दार ओलांडून आत गेल्यावर जितके जास्त काम लहरींमध्येच उरकता येईल तितका तो खर्च वाटला जातो. सगळी धडपड त्यासाठी आहे.

त्याचे एक उदाहरण तपशिलात सांगतो. स्पिनलहरींचा एक गुण प्रकाशाकडे नाही: त्या एकमेकींना ओळखतात. प्रकाशाचे दोन झोत एकमेकांतून आरपार जातात. मोठ्या आयामाची स्पिनलहर मात्र शंकूचा कोन वाढवून स्वतःचीच वारंवारता सरकवते आणि शेजारणीचीही. कायझर्सलाउटर्नच्या गटाने २०१४ मध्ये याच गुणावर मॅग्नॉन-ट्रान्झिस्टर दाखवला होता, ज्यात यिगच्या पृष्ठभागावर ओळीने खाचा पाडून नियंत्रणासाठी सोडलेल्या मॅग्नॉनांची गर्दी मुद्दाम अडवली होती आणि पलीकडून येणाऱ्या लहरीला त्या गर्दीतून वाट काढावी लागे. ते उपकरण मिलिमीटरच्या मापाचे होते. २०२० मध्ये आंद्री चुमाक आणि सहकाऱ्यांनी ३५० नॅनोमीटर रुंदीच्या दोन यिगपट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून दिशादर्शक जोडणी केली. लहर एका पट्टीतून निघते, हळूहळू शेजारच्या पट्टीत झिरपते, पुन्हा परत येते. ती कोणत्या पट्टीतून बाहेर पडेल हे तिच्या आयामावर ठरते, कारण आयाम वाढला की झिरपण्याचे अंतर बदलते. अशा दोन जोडण्यांतून त्यांनी संगणकीय प्रतिरूपात अर्ध-बेरीजयंत्र मांडले: एकच लहर आली तर ती बेरजेच्या वाटेने जाते, दोन एकत्र आल्या तर मोठी झालेली लहर हातच्याच्या वाटेने वळते. मध्ये कुठेही ट्रान्झिस्टर नाही, आणि आतील खर्चाचा अंदाज ॲटोज्यूलच्या घरात. जोडणी प्रत्यक्षात झाली आहे आणि बेरीजयंत्र प्रतिरूपात, हा फरक बातम्यांत नेहमी गळतो, म्हणून मुद्दाम लिहिला.

दार स्वस्त करण्याचे प्रयत्नही चालू आहेत. बेल्जियममधील आयमेक संस्थेचा भर प्रवाहाऐवजी व्होल्टेजने लहर उठवण्यावर आहे: दाबविद्युत थराला व्होल्टेज दिले की तो ताणला जातो आणि त्याला चिकटलेल्या चुंबकाला चिमटा बसतो. त्यातही धारित्र भरण्याचा खर्च आहेच, पण सतत वाहणारा प्रवाह नाही. आणि स्मृतीच्या बाजूने पाहायचे तर स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात डिर्क ग्रुंडलर यांच्या गटाने २०२३ मध्ये यिगमधून जाणाऱ्या लहरींनीच वर ठेवलेल्या नॅनोचुंबकांची दिशा उलटवून दाखवली. फेराइट यांनी सांगितलेली स्मृती आणि गणित यांची वाटणी मोडायचीच असेल, तर मला तरी ती या वाटेने मोडेल असे वाटते. बेरजा करणाऱ्या द्वारांच्या वाटेने नव्हे.

चिपवर चुंबक ठेवण्याच्या प्रश्नाला मात्र आज एकच प्रामाणिक उत्तर आहे: हो, ठेवावा लागतो, नाहीतर पट्टी इतकी अरुंद करावी लागते की तिचे चुंबकत्व आपोआप लांबीच्या दिशेने उभे राहील.

होकायंत्र यांच्या विद्यार्थ्यांसाठी एवढेच जोडतो की या विषयासाठी परदेशच गाठावा लागतो असे नाही. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्रातील अंजन बर्मन यांनी २०२१ मध्ये या क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय मार्गनकाशा प्रसिद्ध करण्यात पुढाकार घेतला होता, आणि पवईच्या आयआयटीत स्पिनच्या उपकरणांवर काम होते. तेथील अश्विन तुळापूरकर यांनी जपानमध्ये असताना २००५ साली दाखवलेला स्पिन-डायोडचा परिणाम (उच्च वारंवारतेच्या प्रवाहातून स्पिनमुळे स्थिर व्होल्टेज मिळणे) आजही या क्षेत्रात मोजमापासाठी वापरला जातो. आणि बहुमत-द्वार वर्गात दाखवायचे असेल तर सुया सोडा. तीन छोटे स्पीकर घ्या, तिन्हींना एकाच प्रवर्धकातून एकच सूर द्या आणि तिन्हींपासून सारख्या अंतरावर मायक्रोफोन ठेवा. एखाद्या स्पीकरच्या दोन तारा उलट-सुलट जोडल्या की त्याची कला १८० अंशांनी फिरते.

होकायंत्र

स्पीकरचा प्रयोग काल केला. ५०० हर्ट्झचा सूर, तीन स्पीकर मायक्रोफोनपासून बरोबर सारख्या अंतरावर कंसात, आणि सीआरओच्या (लहरींचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाच्या) एका रेघेवर मूळ सूर, दुसऱ्या रेघेवर मायक्रोफोन. भिंतींचा प्रतिध्वनी त्रास देत होता, म्हणून शेवटी सगळे टेबल मैदानात नेले. तिन्ही सरळ जोडल्यावर दोन्ही रेघा बरोबरीने चढत होत्या. एकाच्या तारा उलटवल्या तरी तशाच, फक्त दुसरी रेघ बुटकी झाली. दोघांच्या उलटवल्या आणि रेघ पालथी झाली. मुलांनी आठही जोडण्या करून तक्ता भरला आणि तो बहुमताच्या तक्त्याशी तंतोतंत जुळला.

परंतु ज्या विद्यार्थिनीने मूळ प्रश्न विचारला होता, तिने त्याच तक्त्यावर बोट ठेवून नवा प्रश्न काढला आहे. तिन्ही एकमत असताना रेघेची उंची साधारण अडीच ते तीन पट येते आणि दोन विरुद्ध एक असताना एक पट. आता हे उत्तर पुढच्या बहुमत-द्वाराला दिले, तर एकमताने आलेली मोठी लहर बाकीच्या दोन लहान लहरींना एकटीच दडपून टाकणार नाही का? मग तिथे बहुमत राहिले कोठे? मी तिला उद्यापर्यंतची मुदत मागितली आहे.

गार्नेट

आपल्या विद्यार्थिनीने या क्षेत्रातील एका खऱ्या अडचणीवर बोट ठेवले आहे, आणि हो, दडपून टाकते. म्हणून दोन द्वारांच्या मध्ये लहरीची उंची पुन्हा एकसारखी करून घ्यावी लागते, कला मात्र न बिघडवता. त्याचा आम्हाला माहीत असलेला एक चांगला उपाय म्हणजे पट्टीच्या त्या भागाला लहरीच्या दुप्पट वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्राने हलवणे. तसे केले की क्षीण लहर वाढत जाऊन एका ठरावीक उंचीवर थांबते, आणि कला ० किंवा १८० यांपैकी जी जवळची असेल तिच्यात घट्ट बसते. फेराइट यांनी हे वाचले असेल तर ते हसत असतील.

फेराइट

हसतोच आहे. दुप्पट वारंवारतेने हलवायचे, दोनच कला, बहुमत: गोतो यांच्या कड्यांचे हेच तर काम होते. त्या मुलीला सांगा की तिचा प्रश्न टोकियोत १९५४ साली सुटला होता. तेवढी फेराइटची कडी नॅनोमीटरच्या पट्टीत बसवायची राहिली आहे आणि ती हलवायची वीज कोण देणार, हे सिलिकॉन यांना विचारायचे राहिले आहे.